मामांचा अर्धा चहा

सिल्वासा, रविवार, १० मार्च १९९६

मामा गेले तेव्हा मातीला जायलाही फॅक्टरीतून सुट्टी मिळाली नाही. तेव्हापासून एकच डोक्यात, मामा माझ्यावर रागावूनच गेले का?

पेपरातले बातमीदार, पार आसाम-काश्मीर फिरलेले. दिवाळीनंतर दमणला कामाने आले, तर वाट वाकडी करून मला भेटायला इथे. किलवणी नाक्यावर चहा घेताना म्हणाले, "चल धुळ्याला, आमच्या छापखान्यात लावतो." मी म्हटलं, एका जागी बसणं मला जमायचं नाही, फॅक्टऱ्या बदलत गावोगाव हिंडायचंय. मामा अर्धा चहा ठेवून उठलेच. तो अर्धा कप काही डोळ्यांपुढून जाईना.

आज एसटीडी बूथवरून मामीला फोन लावला, विचारूनच टाकलं.

"राग कसला रे बाबा? बस सुटेल म्हणून त्यांनी कधी पुरता चहा प्यायला का? लग्नाच्या दिवशी पण अर्धा ठेवून बातमी द्यायला पळाले. तुझ्याकडून आले ते हसतच. म्हणे, घरात आणखी एक भटक्या निघाला."

उभ्या उभ्या रडू फुटलं, पण हलकं वाटत होतं. बूथवाल्याने घाबरून विचारलं, "कोण गयुं, भाई?"

म्हटलं, माझे मामा. पण रागावून नाही गेले.