भाऊबिजेच्या नऊ चाली

तोआ पायोह, सिंगापूर
१८ ऑगस्ट १९९७

ती. दादास,
उल्काचा सा. न. वि. वि.

तुझ्या नव्या सीडीतल्या बारा गाण्यांपैकी नऊ गाण्यांच्या चाली माझ्या आहेत आणि संगीतकार म्हणून फक्त तुझं नाव छापलंय. नावाचं मला काल हेलन बोथानं दोनदा वाचून दाखवलं. चालींचं कुणी सांगायची गरजच पडली नाही.

हेलनचा नवरा ह्यांच्याबरोबर शिपयार्डात आहे. ती तुमच्या केपटाऊनकडची, घरी आफ्रिकान्स बोलणारी. माहेरची गाणी ऐकवते म्हणून कौतुकानं सीडी घेऊन आली. मी पोहे परतत होते. दुसरं गाणं सुरू झालं आणि माझा हात थांबला. ती माझी ८९ सालची चाल. किमयाला कांजिण्या आल्या होत्या, तिला थोपटताना सुचलेली. शब्द एक कळला नाही, पण अंतऱ्याला सूर कुठं वळणार ते मला आधीच ठाऊक होतं. हेलनला वाटलं, गाणं आवडलं म्हणून मी रडतेय.

मग तिनं आतल्या पुस्तिकेतलं वाचलं. तीस वर्षं ‘मॅनी हॅरिस’ या नावानं गाणी करावी लागली, आता वर्णभेदाचं राज्य गेलं म्हणून मनोहर घैसास हे खरं नाव प्रथमच छापतोय, असं तू म्हटलंयस. वाचून ऊर भरून आला. पण पुढचं वाक्य असं की, गोदीत हातोड्यांच्या ठोक्यांवर या चाली तुला एकट्याला सुचल्या.

दादा, इथं आल्यापासून दर भाऊबिजेला तुला ओवाळता येत नाही म्हणून मी एक नवी चाल कॅसेटवर गाऊन पाठवते. तू एकटा असशील, परक्या गावात ऐकून बरं वाटेल, एवढ्यासाठी. त्याचं तू काय केलंस, ते मला तुझ्याकडून ऐकायचंय.

शार्लटवहिनींना नमस्कार. लोभ होता, आहे. पुढचं तुझं उत्तर आल्यावर.

उल्का

॰

सॉल्ट रिव्हर, केपटाऊन
३० ऑगस्ट १९९७

चि. सौ. उल्का हिस,
दादाचे अ. आ.

तुझं पत्र वाचून शार्लटनं विचारलं, कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, बहीण रागावलीय. ती म्हणाली, मग ठीक. तिला तुझा राग माहीत नाही.

अगं, लहानपणी सांगलीला तू पेटीवर बसलीस की मी शब्द जुळवायचो, तसंच हे. मला चाल कधी सुचली नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? बोटीवरून उतरून इथल्या इस्पितळात पडलो आणि इथलाच झालो, ही भाषा शेजाऱ्यांकडून शिकलो. पण शब्द नुसते पडून राहायचे. तुझी कॅसेट आली की त्यांना पाय फुटायचे. तू दिलीस, मी घेतली. बहिणीनं ओवाळलं, भावानं दरवर्षी लोकरीची शाल घातली ओवाळणीत. त्यात तुझं-माझं काय निवडायचं?

हातोड्यांचं वाक्य कंपनीच्या बाईनं सुचवलं. मी नको म्हटलं नाही, एवढी चूक कबूल.

कॅसेटी पाठव म्हणशील, तर त्या नाहीत. तुझ्या आवाजावरच मी माझे शब्द भरत गेलो. कोरी कॅसेट आणायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

आता आनंदाचं. हेलनबाईंच्याच तिथल्या दक्षिण आफ्रिकन मंडळानं मला ११ ऑक्टोबरला सिंगापूरला गायला बोलावलंय. तेहतीस वर्षांनी भेटू. रवींद्ररावांना नमस्कार, किमयाला पापा. राग आटोपता घे आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा

॰

तोआ पायोह
९ सप्टेंबर १९९७

ती. दादास,
सा. न.

ओवाळणी ही किंमत नसते. तसं असतं तर पहिल्याच वर्षी मी भाव विचारला असता, आणि या उकाड्यात लोकरीच्या शाली तर मुळीच घेतल्या नसत्या.

तू मला विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं. हे म्हणतात, भाऊच आहे, सोडून दे. किमया म्हणते, मामानं कॉपी केली, कॅनॉट लाह, चालायचं नाही, शाळेत असं केलं तर घरी चिठ्ठी येते. मी तिला गप्प केलं आणि मग वाटलं, कशाला केलं?

कॅसेटी पुसल्यास, म्हणजे आता पुरावा म्हणून फक्त तुझा शब्द उरला. हेलन सांगते, सीडी संपत आलीय, पुन्हा छापणार आहेत. त्याआधी कंपनीला लिही की नऊ चाली उल्का बर्वे हिच्या आहेत. पैसा नको. नाव घाल.

उल्का

॰

सॉल्ट रिव्हर
२२ सप्टेंबर १९९७

चि. उल्कास,
आशीर्वाद.

तीनदा लिहायला बसलो. कंपनीला नाही लिहिलं.

एकसष्टाव्या वर्षी माझं नाव मला परत मिळालंय. गल्लीतली पोरंसुद्धा आता मिस्टर हॅरिस न म्हणता घैसास म्हणायला शिकतायत, वेडंवाकडं का होईना. आज सांगितलं की चाली माझ्या नाहीत, तर लोक म्हणतील, बाकीचं तरी याचं कशावरून? सिंगापूरचा कार्यक्रम होऊ दे. परत आलो की नक्की लिहितो. एवढं भावासाठी कर.

दादा

॰

तोआ पायोह
१ ऑक्टोबर १९९७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं विमान शुक्रवारी, दहा तारखेला सकाळी येतंय. हे चांगीला घ्यायला येतील. उतरायचं आमच्याकडेच. हॉटेलात राहिलास तर शेजारपाजारचे मला विचारतील, आणि घरातलं मी बाहेर सांगत नाही. ती सवय तुला सोयीची पडली, एवढंच.

नाव गेल्यावर काय होतं, हे तुझ्याइतकं कुणाला कळावं? तीस वर्षं ते सोसलेल्या माणसानं मला परत आल्यावर बघू म्हणावं, हे मला चालींपेक्षा जास्त लागलं. कॅसेटी एकदा कंटाळ्यानं पुसल्यास. या वेळी मात्र विचार करून पुसतोयस.

मी हेलनला अजून काही सांगितलेलं नाही. ह्यांनाही सांगू दिलेलं नाही. तुझी फजिती माझ्या तोंडून व्हायला नको.

कार्यक्रम शनिवारी सात वाजता, बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोच्या हॉलमध्ये आहे. मी येणार. पहिल्या रांगेत हेलनशेजारी माझी खुर्ची आहे. गाण्याआधी तू चार शब्द बोलणार असं पत्रिकेत छापलंय. ते आफ्रिकान्समध्येच बोल. मला त्यातलं काही कळणार नाही.

तुझं बोलून झालं की मी हेलनला विचारीन, दादा काय म्हणाला.

उल्का