ठराव एकमताने मंजूर, आई सेलूला

कोपरखैरणे,
रविवार सकाळ (चहा अजून मिळालेला नाही)

आदरणीय शहाजी दाजींना आणि ताईला सुगतचा सप्रेम जयभीम.

दाजी, गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं बाटलीकडे बघता? ताईची शुगर, म्हैस, सोयाबीन सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही मजेत. म्हणजे अस्मिता माझ्याशी कामापुरतं बोलते, पोरगी संघप्रिया तेवढंही बोलत नाही, आणि आई तर तुमच्याकडेच सेलूला येऊन राहिली आहे. बाकी मजेत. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोन ताई उचलते, आणि ताईनं उचलला की माझ्या वाट्याला फक्त ऐकणं येतं. आईकडे दिला तर ती 'जेवलास का' विचारते आणि उत्तर यायच्या आत ठेवून देते. तुम्ही शांत माणूस, निदान शेवटपर्यंत वाचाल.

आई का निघून आली ते ताईनं तिच्या पद्धतीनं सांगितलं असेलच. आता माझी बाजू ऐका (बाजू फार नाही, पण आहे तेवढी ऐका). सगळं त्या केबलपायी झालं. आमच्या बिल्डिंगला केबल जयप्रकाशची. अख्खा सेक्टर त्याला जेपी म्हणतो. माणूस गोड. दर वाढवताना हात जोडतो, 'साहेब, वरूनच वाढलंय' म्हणतो आणि बोट असं छताकडे करतो, की वाटावं वरच्या मजल्यावरच्या राजलक्ष्मी मॅडमनीच वाढवलंय. यंदा त्यानं दोनदा हात जोडले. आईची ती आठ वाजताची मालिका तुम्हाला माहीत आहे. ती ज्या चॅनलवर लागते तो सुटा घेतला तर महाग, चॅनलांच्या गड्डीत घेतला तर स्वस्त, असा त्याचा हिशोब. म्हणून गड्डी घेतली. तिच्यात तेलुगू स्वयंपाक आला, भोजपुरी गाणी आली, कुस्ती आली, आणि एक चॅनल असा आला की त्यावर दिवसभर मासे पोहतात. 'हे कोन बगतं रं?' असं आई विचारायची आणि बघत बसायची.

हा सोडून दुसरीकडे जावं तर जायचं कुठं? डिशची छत्री लावावी, तर गच्चीवर आणि बाहेरच्या भिंतीला कुणी छत्री ठोकायची नाही, हा नियम मीच केलेला, बिल्डिंगला नवा रंग दिला तेव्हा. (मी सोसायटीचा सेक्रेटरी. ताई त्याला बिनपगारी वॉचमन म्हणते.) इंटरनेटवर बघावं, तर बिल्डिंगमध्ये इंटरनेटची वायर एकच, तीही जेपीची. मोबाइलवर लावून दिलं, तर आई म्हणाली, मान्सं मुंग्यांएवढी दिसत्यात. म्हणजे नवरदेव एकच ठेवायचा आणि पोरीला सांगायचं, तुझ्या पसंतीनं निवड, असला प्रकार.

मग माझं डोकं फिरलं. दाजी, मी रबाळ्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. तिथं माझं कुणी ऐकत नाही. इथं माइक होता. सभा बोलावली, समोसे मागवले, एकजुटीवर बोललो. जेपी दर खाली आणेपर्यंत एकाही घरात केबल चालू राहता कामा नये, असा ठराव मांडला. शेजारच्या श्यामसुंदर कुलकर्ण्यांनी (बँकेतून रिटायर, माणूस सावध) इतक्या जोरात अनुमोदन दिलं की त्यांच्या मांडीवरचा समोसा खाली पडला. सगळे हात वर. मागच्या खुर्चीवर आई बसली होती, तिनंही हात वर केला. ती सभासद नाही, तरी मी मोठ्या ऐटीत तिचा हात मोजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री मला झोप फार छान लागली.

सुरुवातीचे काही दिवस बिल्डिंग गार. माणसं खाली बाकड्यावर येऊन बसायला लागली, वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्यांना एकमेकांची नावं कळली. मी कॉलर ताठ करून फिरत होतो. मग एका संध्याकाळी लिफ्ट बिघडली आणि मी जिन्यानं चढलो. पहिल्या मजल्यावर त्या मालिकेचं गाणं. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तर दोन्हीकडून. मी बेल दाबली की आतला टीव्ही गप्प, आणि दार उघडणारा जांभई देत म्हणणार, जरा डोळा लागला होता. संध्याकाळी आठ वाजता! नंतर कळलं ते असं, की जेपी गुपचूप एकेका दारात गेला, 'फक्त तुम्हाला म्हणून जुना रेट, कुणाला सांगू नका' म्हणाला, आणि कुणीच कुणाला सांगितलं नाही. एकजूट होती ती इथं. माझ्या दारात तेवढा तो आला नाही. सेक्रेटरीसाहेब तत्त्वाचे आहेत म्हणे.

आता पुढचं लिहायला जड जातंय. आमच्या मजल्यावर पोचलो तर कुलकर्ण्यांच्या दाराबाहेर, लादीवर, डोक्यावर पदर घेऊन आई बसली होती. कान दाराला. मी म्हटलं, अगं बाहेर काय बसतेस, आत जा, ते काय नाही म्हणणारेत? तर म्हणाली, "आत कशी जाऊ? हात वर केलाय न्हवं मी. ऐकायचं न्हाई असा कुटं ठराव हाय?" दाजी, त्या जागी शहाणा माणूस तिच्या पायाशी बसला असता. मी काय केलं? हाताला धरून तिला घरात आणलं आणि म्हणालो, सेक्रेटरीची आई लोकांच्या दारात बसते, बरं दिसतं का ते? सकाळी तिनं पिशवी भरली. तुमचे चुलतभाऊ गावी निघालेच होते, त्यांच्याबरोबर गेली. मी बस सुटेपर्यंत उभा होतो, पण 'चुकलो' म्हणायचं राहून गेलं. फार वाईट वागलो.

आता आठ वाजता घरात कुणी कुणाला शिव्या देत नाही. आई त्या मालिकेतल्या सासूला काय एकेक बोलायची! मी पेपरआडून हसायचो. मालिका कधी धड बघितली नाही, पण त्या सासूची सगळी पापं मला पाठ आहेत. परवा अस्मितानं सवयीनं चौथं ताट घेतलं आणि परत मांडणीत ठेवलं. संघप्रियानं ते बघितलं आणि अर्ध्या जेवणावरून उठली.

असो. आईला सांगा, आमचं इथं काही अडलेलं नाही. हवं तेवढे दिवस आरामात राहू दे. गुडघ्याला जपा.

आपला,
सुगत

ता.क. अडलंय. केबल मी चालू करून घेतली आहे. दुपारी सगळी बिल्डिंग झोपल्यावर जेपीला बोलावलं (वाढीव दरानंच, जुना रेट मागायला तोंड नव्हतं). आता एवढं करा. तुमची ती बिनभाड्याची छत्री जरा वाकडी करा. वानरांनी केली म्हणून सांगा. टीव्ही दिसेना झाला की येईल आपोआप. हे ताईला कळू देऊ नका.

ता.क. २. छत्रीला हात लावू नका! पाकीट चिकटवायच्या आत अस्मितानं पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तिचं आणि आईचं रोज बोलणं होतं म्हणे (मला आज कळतंय). ताईनं कितीही हाका मारल्या तरी आठ वाजता आई तुमच्या ओट्यावर जाऊन बसते, आत येत नाही. ठराव उठल्याशिवाय बघायचं नाही म्हणते. अख्ख्या सोसायटीत ठराव पाळणारं माणूस एकच, आणि तेही सभासद नाही. म्हणून पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा ठेवली आहे, सकाळी अकराला (रात्री आठला ठेवली तर कोरम भरायचा नाही). विषय दोन: ठराव रद्द करणे, आणि सेक्रेटरीनं आपल्या आईची सगळ्यांदेखत माफी मागणे. तेवढा वेळ आईला फोनपाशी बसवा, आणि फोनचा आवाज पूर्ण मोठा करून ठेवा. दुसऱ्या विषयाला माझा आवाज बारीक होणार आहे.