स्टॉमी की एक्टॉमी

अक्का, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि या आठवड्यात मला पुन्हा तुमची भीती वाटली. बंगळुरात मल्लेश्वरममधल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही मुली कानाला हेडफोन लावून परदेशातल्या डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायचो. मी नागपूरहून नुकतीच आलेली, तुम्ही शिकवणाऱ्या. "शब्द मागून ऐकायचा," तुम्ही म्हणायचात. "आयटिस आलं की सूज, ओमा आलं की गाठ. त्या ग्रीकांनी सगळं शेवटात ठेवलंय." एकदा मी गॅस्ट्रोस्टॉमीचं गॅस्ट्रेक्टॉमी केलं. तुम्ही खुर्ची ओढून माझ्याजवळ बसलात, आवाज न चढवता म्हणालात, "स्वल्प, जरा बघ इकडे. डॉक्टरांनी नळी घालायला पोटाला भोक पाडलं होतं. तू त्या माणसाचं पोटच काढून टाकलंस." त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी गेले.

आता व्हाइटफील्डच्या ऑफिसात मशीन टाइप करतं, मी फक्त तपासते. परवा संध्याकाळी तोच शब्द आला. मशीनने एक्टॉमी लिहिलं होतं, डॉक्टर घाईत शेवट गिळून पुढे गेले होते. मी रिपोर्ट पास केला आणि कॅबमध्ये बसले. पहिल्याच सिग्नलला तुमचं ते वाक्य आठवलं. त्या माणसाला पोट आहे की नाही? सकाळी पोचल्या पोचल्या टीम लीडला म्हटलं, तो रिपोर्ट परत मागवा. "मॅडम, डॉक्टर सही करताना बघतील ना," तो म्हणाला. "नाही बघत," मी म्हणाले. शेवटी त्याने हॉस्पिटलला विचारणा पाठवली. उत्तर येईपर्यंत मी उगाच तीनदा हात धुऊन आले, समोरची कॉफी तशीच थंड झाली. दुपारी कळलं, स्टॉमीच होतं. सही अजून व्हायची होती, तेवढ्यात दुरुस्ती झाली. मशीनची चूक पकडली म्हणून टीम लीडने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी हसले.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच तुम्हाला सांगते. शेवट नीट ऐकू आला नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. परत ऐकायला अर्धं मिनिट लागलं असतं, पण खाली कॅब येऊन थांबली होती. या महिन्यात अशी घाई मी आणखी कितीदा केली, ते अजून उघडून बघितलेलं नाही.