पांढरा प्लग

प्रिय भागवत,

ऋतुजाच्या खांद्याचा पट्टा निघाला का? जेबा म्हणाली, अजून दोन आठवडे हायेत. पोरीचं हाड जुळंल रे, वय लहान हाय. आपलं मोडलं असतं तर तू स्मशानात अन् मी कबरस्तानात! पण उज्वलावहिनीनं माझ्या बायकोला, जेबाला सांगितलं की पोरगी तुझ्याशी बोलत न्हाई अन् तू ताटावरून उठून जातोस.

तीस वर्षं झाली आपल्या टू-स्ट्रोक मोटरसायकलींच्या नादाला. वाटणी ठरलेली: पेट्रोलमध्ये तेल तू मिसळायचं, कार्बोरेटरचा जेट मी बसवायचा. ते तांदळाएवढं पितळी बोंड! त्याचं भोक केसभर लहान पडलं तरी इंजिनाला पेट्रोल कमी अन् हवा जास्त, मग पिस्टन तापून जाम. तेल कमी पडलं तरी तेच. हे ऋतुजाला मीच शिकवलं. चहाच्या रंगाचा स्पार्क प्लग म्हणजे गाडी ठीक, पांढरा म्हणजे धोका, हेही मीच. पण स्वतः कधी प्लग काढून बघितला न्हाई. औशात लोक म्हणायचे, वाजिद मिस्त्री कानानंच सांगतो. मी त्यावर लई फुगलो.

त्या सकाळी लोह्याला तुझ्या पडीक रानात थंडी होती. थंडीत जेट मोठा लागतो. मी गाडी रेस केली, कान लावला, ठीक हाय म्हणून मान डोलावली अन् उन्हाळ्यातला जेट तसाच ठेवला. पोरगी गाडीवर बसून पार बांधापर्यंत सुसाट गेली. तिथं इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं अन् ती उडाली. तुम्ही तिला दवाखान्यात न्यायला निघालात तेव्हा तू तेलाचा डबा धरून कपाळ बडवत होतास. मी मागं राहून प्लग काढला. खडूसारखा पांढरा! गुपचूप खिशात घातला. शरम वाटते लिहायला, पण घातला.

आता खरं सांगतो. दोन वर्षं झाली, मला नीट ऐकू येत न्हाई. आधी बारीक आवाज गेले, मग माणसं गेली. गिऱ्हाइकांच्या ओठांकडं बघून दुकान चालवून राहिलो. त्या दिवशी इंजिन टणटण ओरडलं असंल, मला फक्त सीटची थरथर कळली. कोणाला सांगू? कानाशिवाय वाजिदला विचारतं कोण? परवा तुझा फोन आला, मी स्पीकरवर घेतला. तुझा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. मी नेहमीसारखं हाव, हाव करत बसलो. फोन ठेवला तर जेबा रडत होती. तू विचारलं होतंस म्हणे, 'वाजिद, खरं सांग, माझ्याच तेलानं पडली ना पोरगी?' अन् मी हाव म्हणालो! भागवता, तुझं तेल बरोबर होतं रे. प्लग सोबत पाठवतो, ऋतुजाला दाखव. तिला रंग कळतो. मला फोन करू नको, मी पुन्हा हावच म्हणीन. शिव्या द्यायच्या तर औशाला ये अन् समोर बसून दे. तुझ्या शिव्या मला ओठांवरूनही कळतील.

तुझाच,
वाजिद