दोरीपलीकडचा शंभू

मिरज,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

तुझ्या संयूचा नमस्कार. वहिनींना आणि मायालाही सांग. माया दहावीच्या परीक्षेच्या धांदलीत असेल. तिला म्हणावं, आत्याने भूमितीचा पेपर रडत लिहिला होता, तरी आज तिचं बरं चाललंय.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अण्णा असते तर त्यांना बरं वाटलं असतं. तू भरती झालास तेव्हा ते दर पंधरवड्याला मला आंतर्देशीय पत्र घेऊन बसवायचे. ते सांगायचे, मी लिहायचे. म्हैस व्यायली हे सगळ्यात वर, आणि आईला ताप आहे हे अगदी खाली, डिंक लावायच्या जागेजवळ. फौजीला वाईट बातमी शेवटी द्यावी, तोवर तो कुठेतरी बसलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा तूही बसून वाच.

आधी गंमत सांगते. गेल्या गुरुवारी आमच्या हॉस्पिटलात तुझ्या खात्याची जत्रा भरली होती. सरकारी भाषेत मॉक ड्रिल. अतिरेक्यांनी मिरज जंक्शनवर विषारी वायू सोडला तर माणसं रिक्षात, टेम्पोत पडून थेट आमच्याच दारात येणार, तेव्हा काय करायचं, याची तालीम. जिल्ह्याचे साहेब, अग्निशमनवाले, पोलीस, आणि पुण्याकडून आलेली जवानांची मोठी टीम, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. माझा भाऊ सैन्यात हेच शिकवतो, हे मी पंधरा वर्षं सगळ्यांना ऐकवत आलेय, त्यामुळे आठवडाभर जो तो मलाच विचारत होता. मीही ठोकून देत होते.

हॉस्पिटलच्या आवारात लाल दोरी बांधली होती. दोरीच्या पलीकडे घाण, अलीकडे स्वच्छ. पलीकडून अलीकडे यायचं तर मधल्या तंबूतून. तिथे कपडे उतरवायचे, पाण्याखाली उभं राहायचं आणि मगच डॉक्टरांपुढे यायचं. अंग धुतल्याशिवाय कुणी कुणाला शिवायचं नाही, हा पहिला नियम आणि हाच शेवटचा. औषधाची मात्र आम्हाला नवलाई नव्हती. त्या वायूवर जे इंजेक्शन द्यायचं, तेच आम्ही द्राक्षबागेत फवारणी करताना चक्कर येऊन पडलेल्या माणसाला देतो. तासगावकडचं असं कुणी ना कुणी दर हंगामात येतंच. जिल्ह्याच्या साहेबांनी मला विचारलं, सिस्टर, किती इंजेक्शनं शिल्लक आहेत? मी आकडा सांगितल्यावर त्यांनी तो लिहून खाली दोनदा रेघ ओढली. आता कपाट भरलंय, एवढं काम त्या दिवसाने केलं.

आता ऐक. वायू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणाच्या अंगावर किती लागलंय ते कळावं यासाठी रंगीत पूड टाकायची होती. ती वेळेवर पोचली नाही, तेव्हा आमच्या स्टोअरवाल्याने बाजारातून गुलाल आणला. आणि रुग्ण म्हणून कोण, तर नर्सिंगच्या मुली आणि आजूबाजूच्या गावांतले निवृत्त फौजी. गुलाल उधळल्याबरोबर एका तात्यांनी चिमूटभर उचलून कपाळाला लावला, शेजारच्याला लावला आणि वर "चांगभलं" म्हणाले. बघता बघता सगळ्यांची कपाळं लाल. पुण्याचे साहेब कर्ण्यावरून ओरडतायत, "अहो, विष आहे ते, विष!" तात्या शांतपणे म्हणाले, "आवं सायेब, गुलाल पडला की कपाळाला लावायचाच असतोय. इख दुसऱ्या कशात तरी आणायचं हुतं." मेलेली माणसं निवडणूक जिंकल्यासारखी पडून होती. तू असतास तर डोक्याला हात लावला असतास.

मला मात्र आपल्या घरची हळद आठवली. तुला आठवते का?

तू विषारी वायूचा तो कोर्स पहिल्यांदा करून सुट्टीवर आला होतास. कराड स्टेशनवर उतरून एसटीने फाट्यापर्यंत, आणि तिथून उसातल्या वाटेने चालत. गावात घरटी एक फौजी असल्यामुळे कुत्रीसुद्धा वर्दीवर भुंकायची नाहीत. मी तांब्या घेऊन दारात उभी. आईने तुला उंबऱ्याबाहेर थांबवलं, पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग दोन्ही हात तुझ्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली. हे झाल्याशिवाय तिने तुला कधी आत घेतलं नाही. अण्णा ओसरीवरून ओरडायचे, "अगं, पोरगं उपाशी हाय," आणि ती म्हणायची, "तिकडची वाट आदी उतरू द्या."

तू काय केलं होतंस, तर फाट्यावरच गालांना आणि बाह्यांना हळद चोळून आला होतास. संध्याकाळी दिवा घेऊन आम्हाला घरभर फिरवलंस. तांब्यावर हळद, रेडकाच्या कानावर हळद, अण्णांच्या पेपरावर, माझ्या रिबिनीवर. शेवटी आईला उजेडात उभी केलीस. तिच्या दोन्ही कानशिलांवर पिवळे ठसे. तू म्हणालास, "आई, हे इख असतं तर घरात पयली तू गेली असतीस." ती म्हणाली, "मग बरंच की. तुज्यावरचं माज्यावर यावं म्हणूनच घेत्यात अलाबला. तुमच्या सायबाला ठावं न्हाई व्हय?"

अण्णा हसून हसून खोकायला लागले होते. तू हसला नाहीस. जेवताना तू तिच्याकडे मधूनमधून बघत होतास, ते मी पाहिलं होतं. ते दिवस मला फार आठवतात, दादा. आपण चौघंही होतो आणि चौघांनाही सगळं आठवत होतं.

तर गुरुवारी आईही तिथेच होती. दोरीच्या अलीकडे, नातेवाइकांच्या खुर्च्यांवर बसवली होती. शेजारी आमच्या वॉर्डातल्या बनाबाई मावशी. आई तिथे कशाला, असं तुझ्या मनात येईल. सांगते.

गुलाल लागलेल्या माणसांना एक उंच जवान तंबूकडे नेत होता. पांढरा सूट, हातमोजे, तोंडावर तो काचेचा मुखवटा, सोंडेसारखा. सख्ख्या बापालाही ओळखू येणार नाही असा. पण त्याने कुणाला तरी आधार देताना डावा खांदा खाली सोडला, तू सोडतोस तसाच. बनाबाई म्हणतात, आई तेवढं बघून उठली. त्या पदर धरेपर्यंत ती दोरीखालून वाकून पलीकडे गेलीसुद्धा. मी तंबूपाशी होते. हाक मारली, पण तिने ऐकली नाही.

ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आलास व्हय रं शंभू? किती वाळलास," म्हणाली. आणि दोन्ही हात त्याच्या गुलालाने माखलेल्या मुखवट्यावरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

त्याने एक पाऊल मागे घ्यायचं असतं. तूच शिकवतोस ना ते? त्याने घेतलं नाही. उलट तो खाली वाकला, तिचा हात पुरावा म्हणून. मग कर्ण्यावर साहेबांचा आवाज आला, नियमाप्रमाणे आला, त्यांची चूक नाही. ते म्हणाले, "पांढऱ्या केसांच्या आजी दगावल्या. पट्टी बांधा." तुला माहीत आहेच, लाल पट्टी म्हणजे आधी बघायचं, हिरवी म्हणजे थांबू शकतो, आणि काळी म्हणजे आता करण्यासारखं काही नाही. त्या पोराने आईच्या मनगटाला काळी पट्टी बांधली. दोरा टोचू नये म्हणून बोट घालून सैल केली, तेही मी पाहिलं.

ड्रिल संपल्यावर तो मुखवटा काढून आईला शोधत आला. मल्लेश नाव, तेलंगणाकडचा. साहेबांची बोलणी खाऊन आला होता. मोडक्या हिंदीत मला म्हणाला, आमच्याकडेही आई अशीच नजर उतरवते, त्यामुळे पाय मागे गेलाच नाही. तो आईच्या पाया पडला. आईने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुणाचा रं बाबा तू? च्या घेणार?" मग त्याच्या खांद्यावरून तंबूकडे बघत म्हणाली, "आमचा शंभू आंगूळ करतोय आत. त्यो आला की मिळूनच घिऊ."

तंबू उतरवून गाडीत घालेपर्यंत ती तिथेच बसून होती. मी तिच्या शेजारी बसले.

आता डिंकाच्या जागेजवळ आलेय, दादा.

आई आता माणसं ओळखत नाही. गौरी-गणपतीच्या सुमारास सुरू झालं. आधी भाजीत दोनदा मीठ, मग गॅस चालूच, मग एक दिवस मिरजेच्या बाजारात हरवली. इथल्या मोठ्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले. स्मृती जात चाललीय, ती परत येत नाही, औषधाने फार तर सावकाश जाईल, असं ते म्हणाले. तिला घरी एकटी ठेवता येत नाही. माझी ड्युटी असली की बनाबाईंची लेक सोबत बसते आणि त्या दिवशी ती आली नव्हती, म्हणून आई खुर्चीवर होती.

हे तुला आधी का कळवलं नाही? तिनेच घातलेल्या शपथेमुळे. एका सकाळी ती अगदी पूर्वीसारखी होती. मला जवळ बसवून म्हणाली, "माजं काय चाललंय त्ये मला कळतंय. शंभूला कळवू नगंस. त्यो इखाच्या कामावर हाय. डोस्क्यात घर घिऊन आत जाईल, आन् त्येचा मुखवटा वाकडा बसंल." मी हो म्हटलं. काय म्हणणार? तिचं बरोबरच आहे, असंही वाटलं.

दर रविवारी फोनवर ती तुझ्याशी बोलते, तेव्हा मी शेजारी असते. 'बरी हाय' म्हण, 'जेवलास का' विचार, 'मायाचा अभ्यास' विचार, असं मी तिच्या दुसऱ्या कानाशी सांगत असते. ती शहाण्या मुलीसारखं सगळं म्हणते. या रविवारी तू तिला विचारलंस, आई, नोकरीच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीवर सही करू का, म्हणजे मायाची बारावी इकडच्याच शाळेत होईल. त्यावर मी तिला काही सांगायच्या आतच ती "कर की बाबा" म्हणाली. तुला बरं वाटलं, ते तुझ्या आवाजावरून कळलं. फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "लय गोड बोलतोय. कुणाचं पोरगं म्हणायचं?"

म्हणून हे पत्र. मी शपथ मोडली, कारण तू तिच्या शब्दावर सही करशील आणि तो शब्द तिचा नाही. फोनवर लिहिलं असतं तर तू लगेच फोन केला असतास, आणि मला बोलता आलं नसतं. सही करू नकोस, असं मी म्हणणार नाही. मायाची शाळा आहे, तुझं काम आहे, आणि आमच्यासारख्या गावांचं रक्षण तुझ्यासारख्यांनी नाही करायचं तर कुणी? पण त्या कागदाला हात लावायच्या आधी एकदा ये. दोन वर्षांनी तू निवांत येशील, तेव्हा तिच्याकडे कुणाचंच पोरगं शिल्लक नसेल. आज निदान ती पांढऱ्या सूटमध्येही तुलाच शोधते. मला या गोष्टीची भीती वाटते, दादा, खूप भीती वाटते, आणि हे लिहिताना मी एकटी आहे.

तिच्या कानशिलांवरचा गुलाल मी त्याच दिवशी कोमट पाण्याने धुतला. आम्ही आता इथे सरकारी क्वार्टरमध्ये असलो तरी आंघोळीनंतर ती खिडकीतून गावचा फाटा दिसतो का बघते. काळी पट्टी मात्र तिने काढू दिली नाही. कात्री घेतली की हात पोटाशी धरते. म्हणते, "ऱ्हाऊ दे. शंभूनं बांधलीया. दिष्ट लागू नये म्हनून."

तिला मी खरं सांगितलं नाही. ती पट्टी कशाची असते, हे या घरात फक्त मला ठाऊक आहे, आणि तिकडे तुला.

येशील तेव्हा वर्दीत ये. बेल वाजवू नकोस, दारातच थांब. तिने हात पुढे केले तर वाक. नाही केले, तर तिचे हात धरून तूच आपल्या गालांवर ठेव. पुढचं त्या हातांना अजून येतं. तिने दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारली तरी ओ दे; तुझ्या नावाने हाक ऐकून तो मल्लेश वाकला, तसा. आणि मग ती मनगटावरची पट्टी तुझ्या हाताने सोड. माझं ती ऐकत नाही.

दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी,
तुझी संयू