आईच्या गालावरचा तीळ

चिखली, ता. ८ डिसेंबर १९६३

ती. सौ. सोजराअक्कास,
धाकट्या निवृत्तीचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, आधी पाटावर बैस, मग पुढचं वाच. आपली आई सापडली!

शाळेला सुटी होती म्हणून एस. टी.नं भोकरदनला मामांच्या घरी जाऊन आलो. पूर्वी निजामाच्या मोगलाईत शिरायचं म्हणजे नाक्यावर गठुडं सोडून दाखवावं लागे. आता सगळं एकच राज्य. कंडक्टरनं तिकीट फाडलं की झालं. मामा गेल्यापासून त्यांची पेटी बंदच होती. मामींनी उघडली तर तळाशी, फडक्यात गुंडाळलेली, फोटोवाल्याची जुनी काच, जिच्यावरून फोटो छापतात ती. तिच्यावर एक बाई. मामींनी आईला पाहिलेलं नाही, पण त्या म्हणाल्या, ही तुमची मायच असंल, दुसरं कोण?

इथल्या फोटोवाल्याकडून ती कागदावर छापून घेतली, सोबत पाठवतो. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. तिचा चेहरा मला ठाऊकच नाही. तू दहा वर्षांची होतीस. तू हो म्हणालीस की चौकट करून भिंतीवर लावतो. उत्तर लगेच टाक, मला दम निघत नाही.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा निवृत्ती

*

धाड, ता. १२ डिसेंबर १९६३

चि. निवृत्तीस अनेक आशीर्वाद.

पाकीट फोडलं आणि फोटो उजेडात धरला. पण बाबा, ही आई नव्हे. आईला तीळ उजव्या गालावर होता. ती भाकरी थापायची तेव्हा मी तिच्या उजव्या अंगाला बसून तो खुडायला बघायची आणि पिठाच्या हाताची चापट खायची. या बाईचा तीळ डाव्या गालावर. आणि नथ तर उजव्या नाकात! आपल्याकडे अशी नथ कोण घालतं? मामांच्या पेटीत ही परमुलखातली बाई कुठून आली कोण जाणे. रागावू नकोस. खोटं हो म्हणून तुझ्या भिंतीवर परकी आई कशी टांगू?

तू पाठवलेलं काशीचं प्रवासवर्णन वाचलं. लेखक चार पानांत काशीला पोचतो आणि पुढं नुसता जेवतो.

जीव लावतोस तसा लावत राहा.

तुझी अक्का

*

चिखली, ता. १६ डिसेंबर १९६३

ती. अक्कास शि. सा. न.

तुझंच खरं असणार. तीळ तू पाहिलास, मी नाही. फोटो परत पाठवू नकोस. चार दिवस त्या बाईशी मनातल्या मनात बोलत होतो, त्याचं आता हसू येतं आणि रडूही. शाळेत सगळ्यांना मिरवून दाखवलं होतं. कुणी विचारलं की विषय बदलतो.

दुसरं पुस्तक पाठवतो आहे. यातला लेखक कमी जेवतो.

निवृत्ती

*

धाड, ता. २३ डिसेंबर १९६३

निवृत्ती, अरे निवृत्ती,

आशीर्वाद मागाहून घे, आधी हे ऐक!

बाजारात तंबूतला सिनेमा आला आहे. मधे पडदा, पुढून पुरुष आणि मागून आम्ही बाया. नायक पंगतीत चक्क डाव्या हातानं जेवायला लागला. ही काय रीत, असं मी शेजारणीच्या, कौशल्याबाईंच्या कानात म्हणते न म्हणते तोच नायिका आली. नाकात ही मोठी नथ, आणि तीही उजव्या! तुझ्या फोटोतली बाई आठवली. उठले आणि मधल्या कनातीखालून वाकून सरळ पुरुषांच्या बाजूला गेले. कौशल्याबाई ओरडल्या, काऊन वं, तिकडं कुठं जाऊन राह्यली? पण ऐकतंय कोण! तिकडून बघते तर तीच नायिका, तीच नथ, डाव्या नाकात! तिथं बसलेले हे आ वासून माझ्याकडे बघत राहिले. शेजारच्याला म्हणाले, आता हिले काय झालं?

सिनेमा अर्धा टाकून घरी पळाले. फणेरपेटी काढली, फोटो तिच्यातल्या आरशासमोर धरला. अरे, त्या फोटोवाल्यानं काच उलटी धरून छापली! आरशात नथ जागच्या जागी गेली, तीळ उजव्या गालावर आला आणि आई माझ्याकडे बघत होती. मी तिळाला बोट लावलं आणि लहान पोरीसारखी रडले. मागून हे आले, तेही रडले. का, ते त्यांनाच ठाऊक.

ती काच सांभाळ, फोटो सरळ छापून घेऊ. पण तोवर थांबू नकोस. पत्र मिळताच पहिल्या एस. टी.नं निघ. मी आरसा धरते. ये, तुझी आणि आईची ओळख करून देते.

तुझी सोजराअक्का