रविवारी येणारी फियाट

जव्हार,
सोमवार, १ डिसेंबर २०२५

फागीताईस पंढरीचा रामराम.

तू बरी असशील. भात झोडून झालं का? नागली यंदा भरून आली, असं सूर्यमाळचा जीपवाला सांगत होता. इकडे सगळे ठीक आहेत. तुझ्या भावजयीने, प्रमिलाने, सुके बोंबील दिलेत, पत्राबरोबरच्या पिशवीत बघ.

हे पत्र पोरीला, दिपिकाला, वाचायला देऊ नकोस. तुला सावकाश का होईना वाचता येतं, तूच वाच. फोन केला असता, पण तुमच्याकडे रेंज धड नसते. आणि असती तरी माझ्याच्यानं बोलवलं नसतं.

चार रविवार झाले, नाशिकचा एक म्हातारा गॅरेजवर येत होता. पांढरी जुनी फियाट, पंचेचाळीस वर्षांची तरी असेल, पण घासूनपुसून ठेवलेली. पहिल्यांदा आला तेव्हा गाडी मिसिंग मारत होती, झटके खात होती, चढावर ओढत नव्हती. मी डिस्ट्रिब्युटर उघडला. तुला कळावं म्हणून सांगतो, इंजिनात ठिणगी कधी पडायची ते हा डबा ठरवतो. आतले पॉइंट पॉलिश पेपरने साफ केले, त्यांच्यातली फट मापाने बसवली. खालचा बोल्ट ढिला करून डबा केसभर फिरवला की ठिणगीची वेळ मागेपुढे होते. ती जुळवली, बोल्ट आवळला. गाडी खूष, म्हातारा खूष.

पुढच्या रविवारी तीच गाडी, तेच दुखणं. डबा फिरलेला. मला माझीच लाज वाटली. वाटलं, बोल्ट आपणच नीट आवळला नसेल. पुन्हा सगळं जुळवलं आणि या वेळी प्रमिलाच्या नेलपॉलिशने डब्यावरून इंजिनापर्यंत एक लाल रेघ ओढून ठेवली. तिसऱ्या रविवारी ती रेघ तुटलेली होती आणि बोल्टच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. तो आपोआप सुटला नव्हता. कुणीतरी सोडला होता.

तिथून मला त्या माणसाचा संशय यायला लागला. नाशिकमधली गॅरेजं काय संपली? त्र्यंबक, मोखाडा सगळं ओलांडून हा माझ्याकडेच का येतो, तेही स्वतःच गाडी बिघडवून? माझं काम चालू असताना तो स्टुलावर बसून चौकशा करायचा. आमचं मूळ गाव कोणतं, सूर्यमाळला कोण असतं, बहिणीचं कसं चालतं, भाचीची शाळा कुठवर आली. मला वाटलं, जमिनीचा दलाल आहे, एकट्या बाईची जमीन हेरतोय. म्हणून मी खोटंच सांगितलं, की बहीण घर बंद करून ठाण्याला गेली.

"नाही," तो म्हणाला. "त्या तिथंच आहेत."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. घरी सांगितलं तर प्रमिला म्हणाली, पोलिसांना कळवा. पण कळवणार काय? एक म्हातारा गाडी दुरुस्त करायला येतो म्हणून?

काल तो आला तेव्हा मी बॉनेट उघडलंच नाही. त्याच्यासमोर बसलो आणि विचारलं, "बोल्ट तुम्हीच सोडता ना?"

तो हो म्हणाला. मग म्हणाला, "दर वेळी एक गोष्ट सांगायला येतो, आणि धीर होत नाही. परत यायला निमित्त हवं, म्हणून सोडतो."

ताई, आता पुढचं वाचायच्या आधी खाली बस.

बारा वर्षांपूर्वी मोखाड्याच्या वळणावर दाजींना उडवून गेलेली गाडी हीच. पोलिसांनी कागदावर अज्ञात वाहन लिहिलं होतं ना, ते हे. तो बायकोला घेऊन नाशिकला चालला होता. सांज झाली होती, दाजी कामावरून रस्त्याच्या कडेने येत होते. चूक माझीच, असं तो आपल्या तोंडाने म्हणाला. बायको थांबा थांबा म्हणत होती, हा थांबला नाही. पुढे बारा वर्षं तिने त्याला त्या वळणाची आठवण करून दिली, आणि या उन्हाळ्यात ती वारली. मग त्याने मोखाड्याला येऊन विचारपूस केली. मेलेल्याचा मेहुणा जव्हारला गॅरेज चालवतो, हे त्याला तिथं कळलं.

मी ओरडलो नाही. हात उचलला नाही. "गाडी बघतो," एवढंच म्हणालो. डब्याची टोपी काढली, पॉइंट साफ केले, टायमिंग जुळवलं, सगळं नेहमीसारखं. बोल्ट मात्र नुसता बोटांनी फिरवून सोडला. पाना लावला नाही. थोडं अंतर गाडी चालेल, मग हादऱ्यांनी डबा फिरेल आणि मोखाड्याच्या अलीकडच्या चढावर इंजिन बंद पडेल, हे मला ठाऊक होतं. त्या गाडीचा हँडब्रेक धरत नाही, हेही ठाऊक होतं. "निघा आता," म्हणालो. तो निघाला.

मी हात धूत बसलो. ग्रीस गेलं तरी धूत होतो. मग एकदम मोटरसायकल काढली.

गाडी चढावरच सापडली. मागे घसरत येऊन डोंगराच्या बाजूच्या चरात अडकली होती. दुसऱ्या बाजूला घसरली असती तर दरी होती. म्हातारा दगडावर बसला होता, फुटलेल्या कपाळाला रुमाल लावून. बॉनेट उघडं होतं.

"बोल्ट ढिला राहिला होता," तो म्हणाला.

"राहिला नव्हता. मी ठेवला होता."

त्याने मान हलवली. एका टेम्पोवाल्याने दोर लावून गाडी वर काढली. मी तिथंच टायमिंग पुन्हा जुळवलं आणि बोल्ट आवळला. मग तो गाडीत पुढे आणि मी मोटरसायकलवर मागे, असे आम्ही मोखाड्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. त्याने सगळं सांगितलं आणि सही केली. त्याला आणि गाडीला तिथंच ठेवून घेतलंय. कपाळाला काय झालं असं विचारलं, तर म्हणाला, जुनी गाडी आहे, चढावर बंद पडली. हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणालो.

यातली एक गोष्ट तुला सांगायचीच नाही, असं मी ठरवलं होतं. त्यापायी सकाळपासून दोन पत्रं फाडली. पण ती त्याच्या जबाबात आहे, आणि पोलीस तुझ्याकडे येतील तेव्हा परक्याच्या तोंडून तुला कळेल. दाजी जागच्या जागी गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही, असं आपल्याला सांगितलं होतं. तू त्यावरच बारा वर्षं काढलीस. तसं नव्हतं, ताई. त्याने आरशात बघितलं तेव्हा दाजी हात टेकून उठायला बघत होते.

त्याला एकदा तुझ्यासमोर येऊन उभं राहायचंय. मी त्याला कसलाही शब्द दिलेला नाही. त्याचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. तुला नको असेल तर ते तुझ्या घरात यायलाच नको.

आणि माझं म्हणशील, तर बुधवारी ठाण्यात जाऊन बोल्टचं खरं सांगणार आहे. प्रमिला नको म्हणते. रडली, पोरांच्या शपथा घातल्या. पण बारा वर्षं गप्प बसलेला माणूस कसा दिसतो, ते मी चार रविवार समोर बसून पाहिलंय.

पत्र आजच्या जीपने पाठवतोय, कारण हे तुझ्या तोंडाकडे बघून मला सांगता आलं नसतं. उद्याच्या जीपने मी येतो. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मी अंगणात बसेन.

तुझा धाकटा भाऊ,
ज्याच्यावर तू आजवर कधी संशय घेतला नाहीस,
पंढरी